टायरचा चुरा पेव्हर ब्लॉकमध्ये: एका कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक प्रेसवर पेव्हर ब्लॉक काढणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे. मालक स्वतः सिव्हिल डिप्लोमा झालेले आणि बरीच वर्षं याच धंद्यात मुरलेले. ओळख पटू नये म्हणून गाव, नावं आणि काही तपशील गाळले आहेत आणि आकडे सोयीसाठी पूर्णांकात दिले आहेत.

कारखान्याच्या शेजारी ट्रकचे टायर रिमोल्ड करणारं वर्कशॉप आहे. जुन्या टायरचा झिजलेला थर घासून काढला की बफिंगचा चुरा उरतो. हा चुरा तसा स्वच्छ असतो. फक्त वरचा थर घासलेला असल्याने त्यात पोलादी तारा नसतात आणि कापडाचा भुसाही नसतो. अख्खा टायर दळून केलेल्या चुऱ्यात मात्र हे दोन्ही सापडतात. मालकांनी या चुऱ्याच्या गोण्या रोज पाहिल्या होत्या, पण आपल्या कामात तो घालावा असं कधी वाटलं नव्हतं.

विषय निघाला तो एका गृहनिर्माण संस्थेमुळे. संस्थेला बागेभोवती ज्येष्ठांसाठी चालण्याचा मार्ग करायचा होता, साधारण ४०० चौरस मीटरचा. सेक्रेटरींनी रबर घातलेल्या काँक्रीटबद्दल कुठेतरी वाचलं होतं. त्यांची मागणी सरळ होती: टायर वापरलेले ब्लॉक हवेत, म्हणजे टाकाऊ टायर मार्गी लागतील आणि चालणाऱ्यांच्या गुडघ्यांनाही बरं पडेल. मालकांना त्यात नवा माल दिसला. माहितीपत्रकाचा मसुदाही तयार झाला. पहिली चाचणी फसल्यावर त्यांनी मिश्रण तपासायला मला बोलावलं.

अडचण

मालकांचं नेहमीचं मिश्रण एका घनमीटरला असं होतं: ३६० किलो ५३ ग्रेडचं ओपीसी (साधं पोर्टलँड) सिमेंट, १००० किलो क्रश सँड, ९०० किलो बारीक खडी आणि सुमारे १४० लिटर पाणी. ब्लॉक दोन थरांचा, खाली मुख्य थर आणि वर दहाएक मिलिमीटरचा रंगीत टॉप. या मिश्रणाची २८ दिवसांची स्ट्रेंथ, म्हणजे दाब सहन करण्याची ताकद, सरासरी ४१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर यायची. पायी चालण्याच्या जागेसाठी आयएस १५६५८ या पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात एम-३०, म्हणजे ३० न्यूटनच्या ताकदीचा ब्लॉक, पुरतो, त्यामुळे हाताशी भरपूर शिल्लक आहे असा मालकांचा हिशोब होता. त्यांनी ‘दहा टक्के’ ठरवलं आणि १०० किलो क्रश सँड काढून १०० किलो चुरा घातला.

प्रेसवरच गडबड कळली. साचा वर उचलला गेला आणि ऑपरेटर ओरडला, “मालक, ब्लॉक फुगतोय.” तो बरोबर बोलत होता. दाबाखाली रबराचा कण दबतो, दाब निघाला की मूळ आकाराला परत येतो आणि येताना भोवतालचं ओलं काँक्रीट ढकलतो. सिमेंट अजून धरलेलं नसतं, त्यामुळे त्याला अडवायला काहीच नसतं. ब्लॉकची उंची दोन-तीन मिलिमीटरने कमी-जास्त झाली होती. बाजूने पाहिलं तर मध्यावर केसासारखी आडवी भेग दिसत होती आणि कोपऱ्याला बोट लावलं की कच सुटत होती. लांब तंतूंसारखा चुरा पॅन मिक्सरमध्ये एकमेकांत गुंतून त्याचे गोळेही झाले होते.

त्यातूनही धड निघालेले ब्लॉक पाण्यात ठेवून २८ दिवसांनी तपासले. सरासरी २४ आली. एम-३० च्या जवळपासही नाही.

वजनाने की आकारमानाने

या प्रकरणातला सगळ्यात मोठा प्रश्न इथेच होता, आणि तो सोडवायला प्रयोगशाळा लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो.

आपल्याकडची क्रश सँड बसाल्टची. तिची घनता पाण्याच्या जवळपास २.७ पट, तर टायरच्या रबराची साधारण १.१२ पट. शंभर किलो क्रश सँड काढली म्हणजे मिश्रणातून ३७ लिटर घन जागा रिकामी झाली. तिथे शंभर किलो रबर आलं, आणि त्याची घन जागा ८९ लिटर. म्हणजे वाळूच्या हिश्शात रबराचं प्रमाण आकारमानाने २१ टक्क्यांवर गेलं. शिवाय घनमीटर पन्नासेक लिटरने फुगल्यामुळे प्रत्येक घनमीटरमागचं सिमेंटही कमी झालं. कागदावर दहा टक्के आणि ब्लॉकमध्ये दुपटीहून जास्त. लेख वाचतानाही हे पाहावं लागतं. एकाने ‘दहा टक्के’ वजनाने दिलेले असतात आणि दुसऱ्याने आकारमानाने, आणि वाचणारा दोन्हींची तुलना करून बसतो.

इथे आणखी एक खाच आहे. आकारमानाने ठरवायचं म्हणजे घमेल्यामागे घमेलं घालायचं असा अर्थ कामगार लावतात. सुटा चुरा पोकळ बसतो, घमेल्यातली निम्म्याहून जास्त जागा हवेची असते. तसं केलं तर रबर कमी पडतं आणि रोज वेगवेगळं पडतं. प्रमाण घन आकारमानाने ठरवायचं, त्याचं वजन काढायचं आणि बॅचला काट्यावर तोलूनच घालायचं.

स्ट्रेंथ का पडते

१९९३ साली एल्डिन आणि सेनूसी यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या चाचण्या या विषयात आजही आधाराला घेतल्या जातात. खडीच्या जागी रबराचे जाड तुकडे घातल्यावर दाब सहन करण्याची ताकद ८५ टक्क्यांपर्यंत घटली, वाळूच्या जागी बारीक चुरा घातल्यावर ६५ टक्क्यांपर्यंत. पुढच्या तीस वर्षांत आकडे पुष्कळ आले, दिशा तीच राहिली.

कारणं समजायला अवघड नाहीत. खडी सिमेंटपेक्षा ताठ असते, भार स्वतःवर घेते. रबर हजारो पटींनी मऊ, ते भाराखाली बाजूला होतं, म्हणजे भाराच्या दृष्टीने तिथे जवळजवळ भोकच असतं. त्या भोकाच्या कडेला ताण गोळा होतो आणि भेग तिथून निघते. दुसरं, रबराला पाणी आवडत नाही. ओल्या मिश्रणात त्याच्या खरबरीत अंगाला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि सिमेंटची पकड कच्ची राहते. फसलेला ब्लॉक फोडून पाहिला तेव्हा कितीतरी कण नखाने उपटून निघत होते आणि त्यांच्या मागे गुळगुळीत खळगा राहत होता.

पण याच मऊपणाचा एक गुणही आहे, आणि तो मशीनवर डोळ्यांनी दिसतो. साधा ब्लॉक सीटीएममध्ये (दाबून ताकद मोजणाऱ्या मशीनमध्ये) तुटतो तेव्हा फाटकन आवाज होतो आणि ढलप्या उडतात. रबराचा ब्लॉक कमी भाराला तुटला, पण तुटूनही एकत्र राहिला. भेगा पसरत गेल्या, काटा हळूहळू उतरला. आघात पचवायची ताकद वाढते, एका फटक्यात तुकडे होण्याची खोड कमी होते. म्हणून रबर कुठे घालायचं याचं उत्तर माझ्या मते एवढंच आहे: जिथे ताकद लागते त्याहून पुष्कळ जास्त आपोआप मिळते आणि ठेच, आपट, कोपरे उडणं हीच खरी तक्रार असते, तिथे. कॉलम, बीम, स्लॅब हा विषयच काढू नये.

कोणते पर्याय होते

सिमेंट वाढवणं ही मालकांची पहिली सूचना. ३६० चं ४३० केलं तर पडलेली स्ट्रेंथ बरीच भरून निघेल, असं त्यांचं म्हणणं. यावर माझं मत ठाम होतं आणि आहे. एक किलो ओपीसी तयार होताना साधारण ०.८ ते ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. घनमीटरला ७० किलो सिमेंट वाढवलं म्हणजे साठेक किलोची भर. एवढं करून जो ब्लॉक तयार होईल त्याला ‘हरित’ म्हणणं खोटं ठरेल, आणि खर्चही वाढेल. सिमेंट जसं आहे तसं ठेवायचं आणि त्या सिमेंटला पेलेल तेवढंच रबर घालायचं, ही अट आम्ही घालून घेतली. पुढचे सगळे निर्णय या अटीतून निघाले.

कॉस्टिक सोड्याचा विचार त्यानंतर झाला. चुरा कॉस्टिकच्या द्रावणात वीस-तीस मिनिटं बुडवून धुतला की पृष्ठभाग खरबरीत होतो आणि सिमेंटची पकड सुधारते, असं बऱ्याच संशोधनांत आहे. काहींमध्ये फरक पडलेला नाही, काहींमध्ये नीट न धुतल्याने नुकसान झालं आहे. कारखान्यात मात्र प्रश्न वेगळे होते. कॉस्टिक हाताळणारे कामगार उघड्या हातांनी काम करणारे, आणि धुतलेलं पाणी सोडायचं कुठे? त्यासाठी वेगळी व्यवस्था आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागली असती. चारशे चौरस मीटरसाठी हे करण्यात अर्थ नव्हता. साध्या पाण्यात रात्रभर भिजवून, चाळणीवर निथळून, वरचं पाणी सुकल्यावर वापरायचं ठरलं. त्याने धूळ जाते आणि अंगाला चिकटलेली हवा बरीच कमी होते. चुऱ्यासोबत आलेलं पाणी मात्र मिश्रणाच्या पाण्यातून वजा करावं लागतं.

प्रेसऐवजी साच्यात ओतून, टेबलावर थरथरवून ब्लॉक काढावेत का, हेही पाहिलं. त्यात फुगण्याचा प्रश्न येत नाही. ओल्या मिश्रणात हलकं रबर वर तरंगतं, आणि साच्यात ब्लॉकची पाहण्याची बाजू खाली असते, त्यामुळे रबर आपोआप मागच्या बाजूला जातं. कल्पना मला आवडली होती. पण मागच्या बाजूला रबराचा दाट, कमजोर थर बसण्याची शक्यता होती, शिवाय कारखान्याकडे तेवढे साचे आणि जागा नव्हती.

शेवटचा पर्याय ब्लॉकमध्ये रबर न घालण्याचा. तोही तितक्याच गांभीर्याने मांडला. बफिंगचा चुरा बेवारस पडलेला नसतो. रिक्लेम रबराचे (जुनं रबर पुन्हा वापरण्याजोगं करणारे) कारखाने तो घेतात, मॅट बनवणारे घेतात, आणि टायरच्या चुऱ्याला रस्त्याच्या डांबरातही मागणी आहे. २०२२ च्या नियमांनी टायर उत्पादकांवर जुन्या टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी आल्यापासून या मालाला आणखी भाव आला आहे. त्या व्यवस्थेतलं प्रमाणपत्र आपल्याला मिळेल का, असं मालकांनी विचारलं. ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याला मिळतं, त्याच्याकडून चुरा घेऊन ब्लॉक करणाऱ्याला नाही. क्रश सँड किलोला रुपयाच्या आसपास पडते आणि चुरा त्याच्या कितीतरी पट महाग. म्हणजे स्वस्त माल म्हणून रबर घालणं हा हिशोब मुळातच बसत नाही.

हे सगळं ऐकूनही संस्थेने थोडा जास्त खर्च सोसायची तयारी दाखवली, आणि मालकांनाही काम शिकायचं होतं. म्हणून पुढे जायचं ठरलं.

काय केलं

चुरा ४.७५ मिमीच्या चाळणीतून पार होणारा आणि १.१८ मिमीवर राहणारा एवढाच घेतला. लांब तंतू आणि पिठासारखी धूळ दोन्ही बाजूला काढली. मिक्सरमध्ये आधी खडी आणि चुरा एकत्र फिरवायचा, म्हणजे खडीच्या घोळण्याने गुंता सुटतो, मग क्रश सँड, सिमेंट आणि शेवटी पाणी. गोळे होणं थांबलं.

वाळूच्या घन आकारमानाच्या दहा टक्क्यांना, म्हणजे घनमीटरला ४१ किलो चुऱ्याला, सरासरी ३३ आली. आकडा तिशीच्या वर होता म्हणून मालक खूश झाले. मला तो पुरेसा वाटला नाही. सुट्या ब्लॉकांपैकी एक २९ वर होता, आणि चाचणीच्या दिवशी जपून काढलेला ब्लॉक व रोजच्या पाळीत निघालेला ब्लॉक यांत फरक राहतोच. साडेसात टक्क्यांवर, ३१ किलो चुऱ्याला, सरासरी ३६ आली आणि विखुरणीही कमी झाली. तिथेच थांबलो. प्रेसचा दाब काही सेकंद जास्त धरून ठेवल्यावर उंचीतला फरकही आटोक्यात आला.

रबर फक्त खालच्या थरात ठेवलं. वरचा टॉप नेहमीचाच. यामागे झीज हे कारण होतं. पायांनी घासला जातो तो वरचा थर, आणि त्यात रबर असेल तर त्याचे बारीक कण सुटून पावसाच्या पाण्यासोबत मातीत जाणार. टायरच्या रबरात जस्ताचे संयुग आणि इतर रसायनं असतात. कृत्रिम मैदानांवर पसरल्या जाणाऱ्या रबराच्या दाण्यांवर युरोपीय संघाने २०२३ मध्ये बंदी घातली, आठ वर्षांची मुदत देऊन, ती अशाच सूक्ष्म कणांमुळे. काँक्रीटमध्ये कोंडलेल्या रबराचं प्रकरण तेवढं गंभीर नाही, पण ते कोंडलेलंच राहील याची काळजी आपण घ्यायला हवी. कडेला बसवायला जे ब्लॉक कटरने कापावे लागतात ते याच कारणाने बिनरबराचे घेतले. रबराचा ब्लॉक कापला तर कापलेल्या बाजूला कण उघडे पडतात आणि जळक्या रबराचा वासही सुटतो.

संस्थेशी बोलणं या कामाचा अवघड भाग होता. समितीच्या बैठकीत एका काकांनी विचारलं, “पायाला मऊ लागेल ना हो?” लागणार नव्हतं. वाळूतला साडेसात टक्के हिस्सा रबराचा असला तरी ब्लॉक काँक्रीटचाच असतो, बुटाखाली तो दगडासारखाच लागतो. मऊ मार्ग हवा असेल तर रबराच्या लाद्या किंवा ओतीव रबराचा थर लागतो, आणि त्याचा खर्च व देखभाल वेगळी. मी हे बैठकीत स्पष्ट सांगितलं आणि माहितीपत्रकातली ‘गुडघ्यांना आराम’ ही ओळ काढायला लावली. दोघा सदस्यांचा उत्साह तिथेच ओसरला. तरी ठराव झाला.

दुसरी गोष्ट लेखी घेतली. काँक्रीटच्या खडी-वाळूचं मानक असलेल्या आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पोलाद व तांब्याची मळी, बॉटम ॲश आणि पाडलेल्या काँक्रीटची खडी यांना जागा मिळाली आहे, टायरच्या रबराला नाही. खाजगी मालकाच्या बागेतल्या पायवाटेला, त्याच्या संमतीने आणि चाचणीच्या आधारावर, हे करता येतं. नगरपालिकेच्या किंवा सार्वजनिक बांधकामाच्या निविदेत ते मानकात बसत नाही. संस्थेच्या पत्रात रबराचं प्रमाण, वापराची मर्यादा आणि वाहनं न नेण्याची अट नोंदवली. पाण्याचा टँकर जिथून मार्ग ओलांडतो तो पट्टा नेहमीच्या ८० मिमीच्या, एम-४० ब्लॉकांनी केला.

निकाल

दोन पावसाळे झाले आहेत. मार्ग चांगला आहे, एकही ब्लॉक भेगाळलेला नाही. पाणी शोषण्याचं प्रमाण साध्या ब्लॉकपेक्षा थोडं जास्त आलं, ५ टक्क्यांच्या किंचित वर, पण ६ टक्क्यांच्या मर्यादेच्या आत. गाडीत भरताना आणि उतरवताना कोपरे कमी उडाले असं मजूर आणि मालक दोघंही सांगतात, आणि आघाताबद्दल जे माहीत आहे त्याच्याशी ते जुळतं. वजनात मात्र फरक जाणवण्यासारखा नाही, दोन टक्क्यांहून कमी. हलका ब्लॉक म्हणून कुणी हा माल विकत असेल तर त्या दाव्यावर विश्वास ठेवू नये.

एक हिशोब मी मुद्दाम मांडला. चारशे चौरस मीटरच्या खालच्या थरात साधारण २० घनमीटर काँक्रीट, म्हणजे ६२० किलो रबर. ट्रकचा एक टायर पन्नासेक किलोचा धरला, तर वजनाच्या हिशोबात अख्ख्या मार्गात डझनभर टायर गेले. संस्थेने लावलेल्या पाटीवर आधी ‘हजारो टायरांची विल्हेवाट’ असा मजकूर होता, तो बदलून घेतला.

काही महिन्यांनी संस्थेने पार्किंगसाठीही हेच ब्लॉक मागितले. मालकांनी नकार दिला. मोठी ऑर्डर होती आणि त्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती, तरी त्यांनी नकार दिला, याचा मला मनापासून आनंद आहे. आता ते हा माल फक्त मागणीनुसार काढतात आणि साठा करत नाहीत.

वेगळं काय करता येईल

कारखान्याने तुटफुटीची मोजणी ठेवली असती तर कोपरे कमी उडण्याबद्दल आज तोंडी साक्षीऐवजी आकडा देता आला असता. प्रत्येक गाडीमागे भरलेले, पोचलेले आणि कोपरा उडालेले ब्लॉक लिहून ठेवायचे, एवढंच काम. आघाताची चाचणीही सोपी आहे: ठरलेल्या उंचीवरून पोलादी गोळा पाडत राहायचा आणि कितव्या आपटीला ब्लॉक फुटतो ते पाहायचं. रबराचा जो मुख्य गुण, त्याचीच चाचणी झाली नाही आणि सगळं लक्ष दाबाच्या आकड्याकडे गेलं.

साच्यात ओतण्याच्या पद्धतीला आणखी संधी द्यायला हवी होती असं मला वाटतं. फुगण्याचा दोष प्रेसच्या पद्धतीतूनच येतो, आणि ज्यांच्याकडे आधीपासून साच्यांचं काम आहे त्यांनी सुरुवात तिथून करावी. मागच्या थरात रबर किती गोळा होतं हे ब्लॉक उभा कापून डोळ्यांनी पाहता येतं.

ब्लॉक कुठे आहेत याची नोंद कारखान्याकडे आहे, पण ब्लॉकवर खूण नाही. वीस-पंचवीस वर्षांनी मार्ग उखडला जाईल तेव्हा हा माल इतर राडारोड्यात मिसळेल आणि दळून नव्या काँक्रीटची खडी म्हणून वापरला जाईल. तिथे रबर असल्याचं कुणाला कळणार नाही. साच्याच्या तळाच्या पट्टीवर एक उठावाची खूण करून घेतली असती तर ब्लॉकच्या पाठीवर ती कायम उमटली असती. पुढच्या ऑर्डरसाठी मालकांनी तशी पट्टी बनवायला टाकली आहे.